दूरदेशीचे हॅकर आणि आपलं पासबुक



गेल्या काही महिन्यांत आम्ही जिथे जिथे बैठकीला गेलो, तिथे एक प्रश्न हमखास निघाला. "ताई, हे हॅकर हॅकर म्हणतात ते नक्की कोण असतात? आणि ते आपल्यासारख्यांच्या वाटेला कशाला येतील? आपल्या खात्यात असतं तरी किती?" प्रश्न बरोबर आहे. म्हणून आज आपण थोडा इतिहास बघू. जगातल्या नावाजलेल्या हॅकर टोळ्या कोणत्या, आणि त्या आपल्या मुलखापर्यंत कशा येऊन पोचल्या.

आधी शब्दाचं बघू. हॅकर हा शब्द चोरासाठी जन्मलाच नव्हता. अमेरिकेत एमआयटी नावाची मोठी तंत्रशिक्षण संस्था आहे. तिथे मुलांचा एक क्लब होता, खेळण्यातल्या रेल्वेचा. रूळ मांडायचे, सिग्नल जोडायचे, गाड्या पळवायच्या. एखाद्याने जोडणीत काही डोकेबाज युक्ती केली की ती मुलं त्याला 'हॅक' म्हणायची. ही १९५० नंतरच्या दशकातली गोष्ट. पुढे संस्थेत मोठे संगणक आले, तीच मुलं त्यांच्यामागे लागली आणि शब्दही सोबत गेला. म्हणजे मुळात हॅकर म्हणजे यंत्र आतून कसं चालतं हे शोधणारा खटपट्या माणूस. आपल्याकडे शिलाई मशीन बिघडलं की मिस्त्रीची वाट न बघता स्वतःच उघडून बसणारी एखादी बाई असते ना, तशी ही जात.

अशा खटपट्यांचा जर्मनीत १९८१ साली एक गट झाला. नाव केऑस कॉम्प्युटर क्लब. हा गट आजही चालू आहे. १९८४ मध्ये त्यांनी एक गंमत केली. तेव्हा जर्मनीच्या पोस्ट खात्याची एक सेवा होती. घरच्या पडद्यावर माहितीची पानं वाचायची आणि काही पानांना पैसे पडायचे. क्लबच्या हाती हॅम्बुर्गच्या एका बचत बँकेचा पासवर्ड आला. त्यांनी बँकेच्या नावाने आपलंच पैसे पडणारं पान रात्रभर पुन्हा पुन्हा उघडलं. सकाळपर्यंत बँकेच्या नावावर सुमारे १ लाख ३५ हजार मार्कांचं बिल चढलं. मार्क हे त्यांचं तेव्हाचं चलन. पण त्यांनी ते पैसे ठेवले नाहीत. पत्रकारांना बोलावून सांगितलं, की पोस्ट खातं म्हणतं ही सेवा सुरक्षित आहे, ती नाही. पैसे परत केले. असे हॅकर आजही आहेत. कंपन्या त्यांना पगार देऊन कामाला ठेवतात, आमचं कुलूप तपासून द्या म्हणून.

आता आपल्या बाजूला येऊ. मे १९९८ मध्ये भारताने पोखरणला अणुचाचण्या केल्या, हे तुमच्यापैकी अनेकींना आठवत असेल. त्यानंतर महिन्याभरातच, जूनच्या सुरुवातीला, मुंबईत तुर्भ्याच्या भाभा अणुसंशोधन केंद्राच्या संगणकात कोणीतरी शिरलं. केंद्राच्या ईमेल पत्रांच्या प्रती उचलल्या आणि केंद्राच्या संकेतस्थळावर अणुस्फोटाच्या ढगाचं चित्र लावलं. हे काम मिल्ववर्म नावाच्या टोळीचं होतं. टोळी म्हटल्यावर डोळ्यासमोर दाढीवाले गुंड येतात. ही होती पंधरा ते अठरा वर्षांची पोरं. कोणी अमेरिकेत, कोणी इंग्लंडमध्ये, कोणी नेदरलँड्समध्ये, कोणी न्यूझीलंडमध्ये. त्यांची ओळख संगणकावरचीच. त्यांचं म्हणणं, आमचा अणुबॉम्बला विरोध आहे म्हणून केलं. इतक्या पहाऱ्याच्या जागेत दहावी-बारावीच्या वयाची मुलं घरबसल्या शिरली, याची तेव्हा जगभर चर्चा झाली.

निषेधासाठी हॅकिंग करणारा आणखी एक गट म्हणजे ॲनॉनिमस. ॲनॉनिमस म्हणजे निनावी. यात अध्यक्ष नाही, सचिव नाही, सभासदांची यादी नाही. ज्याला वाटेल तो म्हणू शकतो, मी ॲनॉनिमस. आपल्या गटात असं चालेल का? हजेरी कोणाची घ्यायची? पण त्यांचं तसंच चालतं. २०१२ साली भारतात इंटरनेट कंपन्यांनी काही संकेतस्थळं बंद केली, तेव्हा या गटाने चिडून इथली काही संकेतस्थळं काही काळ बंद पाडली. मग ९ जून २०१२ रोजी मुंबईच्या आझाद मैदानावर तरुण मुलंमुली पांढरे मुखवटे लावून निदर्शनं करायला बसली. आपणही मोर्चे घेऊन आझाद मैदानावर जातो. आपण तोंड उघडं ठेवून, नाव सांगून मागणी करतो. त्यांचं म्हणणं, नाव झाकलं की बोलता येतं. यात कोणाचं बरोबर, हा तुमच्या गटात बोलायला चांगला विषय आहे.

इथपर्यंतचे हॅकर पैशासाठी नव्हते. पण पुढची गोष्ट वेगळी आहे. काही देशांनी बघितलं, की सैनिक न पाठवताही शत्रूचं नुकसान करता येतं. मग सरकारांच्या पदरी हॅकर आले.

त्यातली एक टोळी सँडवर्म. २३ डिसेंबर २०१५ रोजी, ऐन थंडीत, युक्रेनमध्ये सुमारे सव्वादोन लाख ग्राहकांची वीज गेली. वीज कंपनीच्या संगणकात शिरून कोणीतरी लांबूनच बटणं बंद केली होती. त्याच टोळीने २७ जून २०१७ रोजी युक्रेनमधल्या कर भरण्याच्या एका सॉफ्टवेअरमधून नॉटपेट्या नावाचा व्हायरस सोडला. मारायचं होतं युक्रेनला, पण व्हायरसला सीमा कळत नाही. तो मर्स्क या डेन्मार्कच्या मोठ्या जहाज कंपनीत शिरला, आणि तिथून त्याच दिवशी आपल्या रायगड जिल्ह्यात न्हावा शेवा बंदरात पोचला. तिथलं एक टर्मिनल याच कंपनीकडे आहे. संगणक बंद पडले, कंटेनर कुठे ठेवलाय ते कळेना, काम हाताने करायची वेळ आली. कुठे युक्रेन, कुठे उरण. भांडण कोणाचं आणि थांबले कोणाचे ट्रक.

या गोष्टीत एक गंमतही आहे. मर्स्कच्या जगभरातल्या मुख्य संगणकांवरची महत्त्वाची माहिती पुसली गेली होती. वाचला फक्त एक संगणक, आफ्रिकेतल्या घाना देशातला. का वाचला? व्हायरस आला तेव्हा तिथे वीज गेली होती, म्हणून तो बंद होता. लोडशेडिंगचा असाही उपयोग झाला. त्या एका प्रतीवरून कंपनीने सगळं पुन्हा उभं केलं. आम्ही गटांना नेहमी सांगतो, की हिशेबाची वही एक आणि नक्कल दुसरीकडे ठेवा. तेव्हा कंटाळा करू नका. पुढे २०२० मध्ये अमेरिकेने या हल्ल्यांबद्दल रशियाच्या लष्करी गुप्तहेर खात्याच्या सहा अधिकाऱ्यांवर आरोप ठेवले. रशिया ते मानत नाही.

विजेवरून आठवलं. १२ ऑक्टोबर २०२०, सोमवार, सकाळी दहाचा सुमार. करोनाचे दिवस, लोकल फक्त अत्यावश्यक कामवाल्यांसाठी चालू होती. रुग्णालयात काम करणारी आमची एक मैत्रीण अंबरनाथ आणि उल्हासनगरच्या मध्ये गाडीत अडकली. गाडी थांबली, पंखे थांबले. शेवटी बायका खाली उतरून रुळांच्या कडेने चालत आल्या. इकडे कॅम्पात जीन्स शिवणारी मशिनं गप्प झाली आणि धागे कापणाऱ्या बायकांचा रोज बुडाला. मुंबई, ठाणे, नवी मुंबई सगळीकडे तीच अवस्था. कुठे दोन-अडीच तासांनी वीज आली, कुठे रात्र झाली. बिघाड झाला तो आपल्याच जिल्ह्यात, कळवा-पडघा भागातल्या ४०० केव्हीच्या मोठ्या वाहिन्यांवर.

पुढे फेब्रुवारी २०२१ च्या शेवटी अमेरिकेतल्या एका सुरक्षा कंपनीने अहवाल काढला, की चीनशी संबंध असलेली रेडएको नावाची टोळी भारतातल्या वीज केंद्रांच्या संगणकांत शिरायचा प्रयत्न करते आहे. लगेच चर्चा सुरू झाली, की मुंबईची वीज त्यांनीच घालवली का? राज्याचे तेव्हाचे गृहमंत्री म्हणाले, आमच्या सायबर विभागाच्या अहवालात घातपाताची शक्यता दिसते. केंद्राचे ऊर्जामंत्री म्हणाले, नाही, ती माणसाची चूक होती, हल्ल्याचा पुरावा नाही. चीननेही आरोप फेटाळला. हे आम्ही मुद्दाम सांगतो आहोत, कारण मोबाईलवर येणाऱ्या संदेशात असं ठासून लिहिलेलं असतं की जणू लिहिणाऱ्याने स्वतः बघितलंय. अशा गोष्टीत दोन्ही बाजू ऐकायच्या आणि सिद्ध झालेलं नसेल तर सिद्ध झालं म्हणायचं नाही.

आता सगळ्यात महत्त्वाची गोष्ट. ती आम्ही शेवटी ठेवली, कारण ती थेट आपल्या पासबुकापर्यंत येते.

लॅझरस नावाची एक टोळी आहे. ती उत्तर कोरियाच्या सरकारची असल्याचं अमेरिका आणि इतर अनेक देश म्हणतात, उत्तर कोरिया नाकारतो. फेब्रुवारी २०१६ मध्ये या टोळीने बांगलादेशच्या मध्यवर्ती बँकेचे न्यूयॉर्कमध्ये ठेवलेले जवळजवळ १ अब्ज डॉलर उचलायचा डाव टाकला. दिवस कसे निवडले बघा. बांगलादेशात शुक्रवार-शनिवार सुट्टी, न्यूयॉर्कमध्ये शनिवार-रविवार, आणि पैसे जिथे जायचे त्या फिलिपिन्समध्ये सोमवारी चिनी नववर्षाची सुट्टी. एकमेकांना फोन करून विचारायला कोणी जागेवर नाही. तरी बराच पैसा वाचला. श्रीलंकेला जाणाऱ्या २ कोटी डॉलरच्या व्यवहारात चोरांनी 'फाउंडेशन' या शब्दाचं स्पेलिंग चुकवलं होतं. तेवढ्यावरून कोणालातरी संशय आला आणि विचारणा झाली. पण ८ कोटी १० लाख डॉलर गेलेच.

दोन वर्षांनी वेळ आली पुण्याची. कॉसमॉस ही १९०६ साली सुरू झालेली जुनी सहकारी बँक. सहकारी म्हणजे आपल्याच जातकुळीची, थोडे थोडे पैसे एकत्र करून उभी राहिलेली. ११ ऑगस्ट २०१८. त्या दिवशी महिन्यातला दुसरा शनिवार होता, बँका बंद. दुपारपासून जगातल्या २८ देशांतल्या एटीएममधून या बँकेच्या कार्डांवर पैसे निघू लागले. काही तासांत सुमारे १२ हजार व्यवहारांत ७८ कोटी रुपये गेले. भारतातही कोल्हापूर, मुंबई, इंदूर अशा शहरांत २ हजार ८४९ व्यवहार होऊन अडीच कोटी निघाले. सोमवारी, १३ तारखेला, आणखी १३ कोटी ९२ लाख रुपये हाँगकाँगच्या एका खात्यात वळवले गेले. सगळे मिळून ९४ कोटी ४२ लाख.

हे झालं कसं? आपण एटीएममध्ये कार्ड घालतो तेव्हा मशीन बँकेला विचारतं, या बाईच्या खात्यात पैसे आहेत का, देऊ का? बँकेत एक संगणकीय यंत्रणा असते, तिला स्विच म्हणतात. ती बघून हो किंवा नाही सांगते. चोरांनी बँकेच्या संगणकात शिरून एक खोटा स्विच बसवला. मशीनने विचारलं की बँकेऐवजी हा खोटा स्विच उत्तर द्यायचा, "हो, दे." खात्यात पैसे असोत की नसोत. जणू आपल्या गटाच्या सचिवाच्या जागी तिच्यासारखीच साडी नेसून दुसरीच बाई बसली, आणि जो येईल त्याच्या अर्जावर सही करत सुटली. त्यामुळे खातेदारांच्या खात्यांतून पैसे कमी झाले नाहीत. तोटा बँकेला सोसावा लागला. संयुक्त राष्ट्रांच्या तज्ज्ञांनी २०१९ च्या अहवालात या चोरीचं बोट उत्तर कोरियाकडे दाखवलं.

मैत्रिणींनो, आता विचार करा. चोर दूर कुठेतरी संगणकासमोर बसलेला. पण कोल्हापूरच्या एटीएमसमोर उभा कोण होता? तो उत्तर कोरियाचा नव्हता. तिथे होती इथलीच मुलं. कोणीतरी त्यांना बनावट कार्डं दिली, पिन दिला आणि सांगितलं, जा, पैसे काढून आण, तुझा वाटा तुला. पुण्याच्या पोलिसांनी एटीएमच्या कॅमेऱ्यांवरून त्यांना शोधलं. एप्रिल २०२३ मध्ये पुण्याच्या न्यायालयाने अकरा जणांना दोषी ठरवून तुरुंगवासाची शिक्षा दिली. ज्यांनी खोटा स्विच बसवला, ते आजवर या न्यायालयासमोर आलेले नाहीत. ९४ कोटींच्या चोरीत इथे तुरुंगात गेली ती पैसे काढणारी मुलं.

ही गोष्ट आम्हाला का लागली ते सांगतो. गेल्या पावसाळ्यात आमच्या एका गटाची बैठक चालू होती. हप्ते गोळा झाले, चहा झाला. एक सभासद म्हणाली, "ताई, एक विचारायचंय. आमच्या पोराला एकाने सांगितलंय, तुझं बँक खातं सहा महिने वापरायला दे. एटीएम कार्ड आणि सिम त्याच्याकडे ठेवायचं, महिन्याला पाच हजार मिळतील. खातं तर रिकामंच आहे. काय जाणार?" पोरगा एकोणीस वर्षांचा, कंपनीतलं काम सुटलेलं. घरात पाच हजार म्हणजे किराणा आणि भाडं मिळून अर्धा महिना. कोणी लगेच नाही म्हणेना. एकजण तर म्हणाली, "माझ्या भाच्याने दिलंय, त्याला मिळतात पैसे."

आम्ही तिथेच कॉसमॉसची गोष्ट सांगितली. चोराला आपल्या खात्यातले पैसे नको असतात, त्याला आपलं नाव हवं असतं. दुसऱ्या कोणाचे लुबाडलेले पैसे त्या खात्यात येणार, तासाभरात पुढे जाणार, आणि पोलीस तपास करत येतील तेव्हा कागदावर पत्ता आपल्या घराचा. ती बाई काही बोलली नाही. पण रात्री तिचा फोन आला, "पोरगा ऐकत नव्हता. मी कार्ड काढून घेतलंय, पिठाच्या डब्यात ठेवलंय." भाच्याचं मात्र वेगळं झालं. दोन महिन्यांनी त्याचं खातं गोठवलं गेलं आणि परराज्यातल्या पोलिसांची नोटीस आली. अजून तो तारखा आणि चौकशा करतो आहे.

आमचीही चूक कबूल करायला हवी. आम्ही स्वतः कितीतरी वर्षं सोय म्हणून गटातल्या बायकांची एटीएम कार्डं एका पिशवीत ठेवायचो, आणि ज्यांना आकडे लक्षात राहत नाहीत त्यांचा पिन कार्डाच्या पाकिटावरच पेनने लिहायचो. विश्वास होता, आहे. पण ती पिशवी एक दिवस लोकलमध्ये विसरली असती तर? आता आम्ही ती मोडली आहे. ज्या बाईचं कार्ड तिच्याच घरी. आकडे लक्षात ठेवायला आम्ही बैठकीत बसून प्रत्येकीला तिची तिची खूण शोधायला सांगतो. लेकराची जन्मतारीख मात्र नको, ती सगळ्या गल्लीला माहीत असते.

या सगळ्या इतिहासातून आपल्या गटाने चार गोष्टी घ्याव्यात, असं आम्हाला वाटतं.

एक. आपल्या गटाच्या खात्यातून पैसे काढायला एकीची सही चालत नाही, दुसरीचीही लागते. हा नियम सोडू नका. आधी कोरे चेक सह्या करून ठेवू नका. कॉसमॉसमध्ये एका खोट्या यंत्राचं "हो" पुरलं, म्हणून पैसे गेले.

दोन. चोर सुट्टी बघून येतो. दुसरा शनिवार, सणाचा आदला दिवस, संध्याकाळ. अशा वेळी "खातं बंद होणार, लगेच ओटीपी सांगा" असा फोन आला तर सांगा, सोमवारी शाखेत येऊन बोलते. खऱ्या बँकेला ते चालतं. आणि लक्षात ठेवा, पैसे घ्यायला पिन टाकावा लागत नाही. पिन टाकायचा तो फक्त द्यायला.

तीन. खातं, कार्ड, सिम भाड्याने द्यायचं नाही. घरातल्या मुलांना हे आपणच सांगायचं, कारण त्यांना विचारणारा माणूस बहुतेक वेळा ओळखीचाच असतो.

चार. फसवणूक झालीच तर लाजू नका. घरातले ओरडतील म्हणून बायका दोन-दोन दिवस गप्प राहतात, आणि तेवढ्यात पैसे चार खात्यांतून पुढे जातात. लगेच १९३० या क्रमांकावर फोन करा, बँकेला कळवा, जवळच्या पोलीस ठाण्यात जा. पहिल्या काही तासांत कळवलं तर पैसे वाटेतच अडवता येण्याची शक्यता असते. गटाच्या वहीच्या पहिल्या पानावर १९३० हा आकडा आजच मोठ्या अक्षरात लिहून ठेवा.

बांगलादेशच्या त्या चोरीत एका चुकलेल्या शब्दावर कोणीतरी थांबलं आणि विचारलं, म्हणून २ कोटी डॉलर वाचले. आमच्या त्या बाईनेही बैठकीत विचारलं, म्हणून तिचा पोरगा वाचला. तुमच्या पुढच्या बैठकीत हप्ते झाल्यावर दहा मिनिटं यासाठी ठेवा. कोणाला काही विचित्र फोन आला का, कोणी काही मागितलं का, एवढंच प्रत्येकीला विचारा. काय उत्तरं आली ते आम्हालाही कळवा.